जमिनीखालची इंधनाची टाकी गळली तर साफसफाईचे पैसे कोण देतं? (अमेरिकेतल्या मराठी लोकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यू जर्सीत मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे, म्हणजे लोकांच्या अंगणात नाहीतर गॅस स्टेशनवर खड्डा खणायचा, मातीचे सॅम्पल काढायचे आणि मग पडल्या चेहऱ्याने मालकाला बातमी सांगायची. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन कोणीतरी कोपऱ्यात गाठतंच, "अरे एक विचारायचं होतं, आमच्या टाकीचं..." व्हॉट्सॲपवरही तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. भारताबद्दल फक्त प्रश्न १९ आहे, बाकी सगळं अमेरिकेचं. राज्याराज्यात नियम बदलतात आणि मी वकील नाही, सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

१. हा लस्ट फंड म्हणजे काय? नाव खरंच असं आहे का?

लीकिंग अंडरग्राउंड स्टोरेज टँक, आद्याक्षरं जोडली की लस्ट. होय, सरकारी कागदावर हेच नाव आहे, इतकी वर्षं झाली तरी कोणी बदललं नाही आणि आम्ही आता हसतही नाही. गोष्ट अशी की हायवे झाले तशी देशभर गॅस स्टेशन्स उगवली आणि त्यांच्या पोटात साध्या पोलादाच्या टाक्या पुरल्या गेल्या, गंज लागू नये म्हणून काही केलंच नव्हतं, मग वीस-पंचवीस वर्षांनी एकेक गळायला लागली आणि लोकांच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. १९८४ मध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) कचऱ्याच्या कायद्यात या टाक्यांसाठी वेगळा भाग घातला, १९८६ मध्ये साफसफाईसाठी हा फंड काढला, आणि १९८८ मध्ये ईपीएने (केंद्राच्या, म्हणजे फेडरल, पर्यावरण खात्याने) नियम आणले, टाकी बदला, सुधारा नाहीतर बंद करा, मुदत २२ डिसेंबर १९९८. त्या एका तारखेने कितीतरी छोटे पंप बंद पाडले.

आजवर साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्यात. दहातल्या साधारण नऊ साफ झाल्या, पण उरलेल्याच पन्नास हजारांच्या वर आहेत.

२. कोणती टाकी या नियमात येते? माझी येते का?

टाकी आणि तिला जोडलेले जमिनीखालचे पाइप मिळून एकूण मापाच्या निदान १० टक्के भाग जमिनीखाली असेल आणि आत पेट्रोल, डिझेल किंवा घातक केमिकल असेल तर येते. काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं: ११० गॅलन किंवा त्याहून लहान टाकी, शेतावरची किंवा घरची ११०० गॅलनपर्यंतची टाकी जिच्यातलं इंधन धंद्यासाठी वापरत नाही, बेसमेंटमध्ये फरशीवर ठेवलेली टाकी, सेप्टिक टँक, आणि ज्या जागेत जाळायचं तिथेच साठवलेलं हीटिंग ऑइल (घर गरम करायचं तेल). हा शेवटचा अपवाद आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतो. घराची ऑइल टाकी फेडरल नियमात नाही म्हणून फेडरल पैशातही नाही. त्याचं प्रश्न ११ पासून पुढे बघा.

३. फंडात पैसे येतात कुठून?

तुमच्याच खिशातून, पण इतके कमी की कळत नाही. १ जानेवारी १९८७ पासून गॅलनमागे ०.१ सेंट, म्हणजे सेंटचा दहावा हिस्सा. पेट्रोलवरचा फेडरल टॅक्स १८.४ सेंट सांगतात ना, त्यातला १८.३ रस्त्यांचा आणि तो शेवटचा ०.१ टाक्यांचा. पंधरा गॅलन भरलेत तर दीड सेंट. पण देशभर मिळून वर्षाला २० कोटी डॉलरच्या आसपास जमतात. त्यातले काँग्रेस दर वर्षी खर्चायला किती सोडतं तर साधारण ९ कोटी. बाकीच्यांचं काय होतं ते प्रश्न १८ मध्ये लिहिलंय, तिथे जरा चिडून लिहिलंय.

४. म्हणजे माझ्या गॅस स्टेशनची टाकी गळली तर सरकार साफ करून देणार, बरोबर ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी समोरचा माणूस "पण टॅक्स तर भरतोय ना आपण" म्हणतो.

लोकांच्या डोक्यात एकच सरकारी तिजोरी असते. प्रत्यक्षात तीन वेगळी पाकिटं आहेत. पहिलं फेडरल लस्ट फंड. तो मुख्यतः राज्यांना जातो, राज्यांनी १० टक्के स्वतःचे घालायचे, आणि त्यातून राज्याचे लोक तुमच्या साफसफाईवर देखरेख करतात. प्रत्यक्ष खणायला तो पैसा तेव्हाच निघतो जेव्हा मालक सापडत नाही, किंवा सापडतो पण त्याची ऐपत नाही, किंवा ऐपत आहे पण करत नाही, किंवा शेजारच्या बेसमेंटमध्ये वाफ शिरलीय आणि थांबायला वेळच नाही. आणि ऐपत असून केलं नाहीत तर सरकार करून घेतं आणि नंतर बिल तुम्हालाच पाठवतं.

दुसरं पाकीट स्टेट फंड, ते प्रश्न ५. तिसरं तुमचा इन्शुरन्स, ते ६ आणि ९. बहुतेक मालकांची साफसफाई दुसऱ्या किंवा तिसऱ्यातूनच होते, आणि ती दोन्ही पाकिटं तुमची कागदपत्रं आणि तारखा नीट असतील तरच उघडतात.

५. स्टेट फंड सगळ्या राज्यांत आहे का? आमच्या राज्यात कसा आहे?

सगळ्यांत नाही, आणि जिथे आहे तिथेही एकसारखा नाही.

कॅलिफोर्नियात १९८९ च्या कायद्याने फंड झाला, टाकीत येणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे दोन सेंट फी, म्हणजे फेडरलच्या वीसपट. क्लेमचे चार वर्ग आहेत, घरगुती टाकीवाले सगळ्यात पुढे, मग छोटे धंदे, मोठ्या कंपन्या शेवटी. पेनसिल्व्हेनियात फंड इन्शुरन्ससारखा चालतो, फी भरायची, सुरुवातीची ठरलेली रक्कम (डिडक्टिबल) स्वतःची, आणि गळती पक्की झाल्यापासून ६० दिवसांत फंडाला कळवायचं. हे ६० दिवस पाठ करून ठेवा. राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवलं म्हणजे फंडाला कळवलं असं होत नाही, दोन वेगळी ऑफिसं आहेत.

टेक्सासमध्ये परतफेडीचा कार्यक्रम २०१२ मध्ये संपला. ह्यूस्टन-डॅलसचे जे लोक अजून "स्टेट देतं" म्हणून निवांत बसलेत त्यांनी आजच पॉलिसी काढून वाचावी.

फ्लोरिडाची कथा सांगण्यासारखी आहे. १९८६ मध्ये त्यांनी सांगितलं, लवकर येऊन गळती कबूल करा, साफसफाई आमच्याकडे लागली. मालक रांगा लावून आले. अर्थातच! कोणती गळती जास्त धोक्याची याचा विचार न करता जो आला त्याचं बिल मंजूर होत गेलं, कन्सल्टंट लोकांची चांदी झाली (आमच्याच जातीचे लोक, मान्य आहे), आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात फंड कर्जात गेला. मग १९९६ मध्ये सगळं बदलून प्रत्येक जागेला धोक्याप्रमाणे मार्क द्यायला सुरुवात केली, जास्त मार्क त्याचा नंबर आधी. १९९८ नंतरच्या नव्या गळत्या फंडात घेतल्याच नाहीत. मिशिगनचा फंड तर १९९५ मध्ये सरळ दिवाळखोरीत गेला. तेव्हा "फंड आहे" एवढं ऐकून थांबू नका. तुमची गळती कोणत्या तारखेची आहे, रांग किती आहे आणि मर्यादा किती, हे तीन प्रश्न विचारा.

६. फायनान्शियल रिस्पॉन्सिबिलिटी काय भानगड आहे? इन्स्पेक्टर दर वेळी तेच कागद मागतो.

टाकी ठेवताय तर गळल्यावर साफ करायची आणि शेजाऱ्याची भरपाई द्यायची सोय आधी दाखवा, एवढाच अर्थ. पंप चालवत असाल, किंवा महिन्याला १०,००० गॅलनहून जास्त इंधन हाताळत असाल, तर एका घटनेमागे १० लाख डॉलर. बाकीच्यांना ५ लाख. वर्षाची एकूण मर्यादा १०० टाक्यांपर्यंत १० लाख, त्याच्यावर २० लाख. सोय कशी दाखवायची हे तुमच्यावर, इन्शुरन्स, स्टेट फंड, बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, बाँड, किंवा कंपनी तेवढी तगडी असेल तर स्वतःच्या मालमत्तेवर.

एक बारकावा. स्टेट फंडाचं डिडक्टिबल असेल तर तेवढ्या रकमेची वेगळी सोय दाखवावी लागू शकते. हे बरेच जण विसरतात.

७. मीटरचे आकडे जुळत नाहीयेत. लीकच असेल असं नाही ना? थोडे दिवस बघू का?

बघू नका. संशयाचीच नोंद २४ तासांत द्यायची असते, गळती पक्की होईपर्यंत थांबायची मुभा नाही. महिन्याचा हिशेब जुळत नाही, अलार्म वाजला, संपमध्ये (टाकीवरच्या पाइपांच्या खड्ड्यात) पेट्रोल दिसलं, शेजाऱ्याने वासाची तक्रार केली, सगळं संशयात मोडतं. (अलार्म बिघडलेल्या मशीनमुळे वाजला आणि लगेच दुरुस्त केला तर गोष्ट वेगळी, पण त्या दुरुस्तीची पावती ठेवा.) मग साधारण आठवड्याभरात टेस्ट करायची. गळती पक्की झाली तर २० दिवसांत पहिला रिपोर्ट, ४५ दिवसांत जागेची माहिती.

माझ्या ओळखीत एकाने पाच आठवडे "सेन्सरच खराब असेल" म्हणून काढले. सेन्सर ठणठणीत होता. आणि उशिरा कळवलं म्हणून पुढे पैशाचा जो घोळ झाला तो साफसफाईपेक्षा जास्त काळ चालला.

घरात किंवा बेसमेंटमध्ये पेट्रोलचा वास असेल तर मात्र आधी बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. कागद नंतर.

८. साफसफाईला खर्च किती येतो?

सरासरी विचाराल तर गॅस स्टेशनला लाख-दीड लाख डॉलर धरा, पण ही सरासरी फसवी आहे. फक्त माती खराब झाली असेल तर खणून ट्रकने नेली, नवीन माती भरली, संपलं. भूजलात उतरलं की खेळ बदलतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलाच्या वर तवंगासारखं बसतं आणि त्यातलं बेंझिन हळूहळू पाण्यात विरघळत जातं. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची फेडरल मर्यादा अब्जात फक्त ५ भाग आहे, म्हणून थोड्या पेट्रोलनेही पुष्कळ पाणी नापास होतं. मग मॉनिटरिंग विहिरी खणा, तीन महिन्यांनी सॅम्पल घ्या, जमिनीत पाइप घालून वाफ ओढून काढा, आणि हे वर्षानुवर्षं. दहा लाखांच्या वर गेलेली कामं आहेत.

९. इन्शुरन्स होता, प्रीमियम वेळेवर भरला, तरी क्लेम नाकारला. असं कसं?

टाक्यांच्या पॉलिसी बहुतेक क्लेम्स-मेड असतात, म्हणजे गळती कधी झाली यापेक्षा क्लेम कधी केलात याला महत्त्व. त्यात एक रेट्रोॲक्टिव्ह तारीख असते, तिच्या आधी सुरू झालेली गळती पॉलिसीत नाही. आता गंमत बघा, स्वस्त मिळते म्हणून कंपनी बदलता, नवीन कंपनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख आजची टाकते, आणि वर्षाने गळती सापडते जी तज्ज्ञ म्हणतो तीन वर्षं जुनी आहे. नवीन कंपनी म्हणते आमच्या आधीची, जुनी म्हणते आता तुम्ही आमचे ग्राहक नाही. फेडरल नियमात पॉलिसी संपल्यावर सहा महिन्यांची रिपोर्टिंगची सवलत आहे, पण तीही आपोआप सगळ्याच परिस्थितीत लागू होत नाही. कंपनी बदलायची असेल तर जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख पुढे चालू ठेवायला सांगा, आणि लेखी घ्या.

दुसरं कारण म्हणजे टेस्टचे रेकॉर्ड नसणं. २०१५ च्या नियमांपासून स्पिल बकेट (टाकी भरताना सांडलेलं इंधन अडवणारी बादली) वगैरेची दर तीन वर्षांनी टेस्ट आणि दर ३० दिवसांनी फिरून तपासणी आलीय. रजिस्टर कोरं असेल तर क्लेम बघणाऱ्याला आयतंच कारण मिळतं. शिवाय राज्य टाकीला लाल टॅग लावू शकतं, मग टँकरवाला इंधन टाकतच नाही. ही डिलिव्हरी-बंदी २००५ च्या कायद्याने आली आणि माझ्या मते दंडापेक्षा शंभरपट परिणामकारक आहे, कारण दंडाचं लोक बघून घेतात, पण रिकामी टाकी घेऊन पंप कोण चालवणार?

१०. आम्ही दोघं मित्र मिळून गॅस स्टेशन विकत घेतोय. जुनी घाण आमच्या गळ्यात पडेल का?

पडू शकते, टाक्या विकत घेतल्या की टाकीचे मालक तुम्ही. फेज वन म्हणजे कागद आणि इतिहास बघणं, फेज टू म्हणजे खणून सॅम्पल. जुन्या स्टेशनसाठी फक्त फेज वनवर सही करू नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी. फेज टूमुळे खरेदीच्या दिवशी जमिनीत काय होतं याचा पुरावा तयार होतो, पुढे काही निघालं तर त्याच आकड्यांवर भांडता येतं.

बरेच जण म्हणतात की सुपरफंड कायद्यात (घातक कचऱ्याच्या जागा साफ करण्याचा फेडरल कायदा) प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण आहे. आहे, पण सुपरफंडमधून पेट्रोलियम मुळातच वगळलंय, त्यामुळे त्या ढालीचा इथे फारसा उपयोग नाही, राज्याचा कायदा बघावा लागतो. विक्रेत्याचा क्लेम स्टेट फंडात चालू असेल तर तो तुमच्या नावावर ट्रान्सफर होतो का, हे क्लोजिंगच्या (खरेदी पक्की होण्याच्या) आधी फंडाकडून लेखी घ्या. ब्रोकर "होऊन जाईल" म्हणतो. ब्रोकर सगळ्यालाच होऊन जाईल म्हणतो.

आणि कर्ज देणारी बँक? तिला १९९५ च्या नियमाने बहुतांशी सूट आहे, फक्त तारण धरून बसली आणि पंप चालवण्यात हात घातला नाही तर. म्हणजे त्या टेबलावर घाबरायचं काम फक्त तुमचं.

११. न्यू जर्सीत एडिसनला घर बघतोय, १९५५ चं आहे, आता गॅस हीटिंग आहे. टाकीचं काय तपासायचं?

त्या काळचं घर म्हणजे कधीतरी ऑइल हीटिंग असण्याची शक्यता दाट. भिंतीतून निघालेले दोन बारीक पाइप, बेसमेंटमध्ये कापलेली तांब्याची नळी, अंगणात उगाच उभा असलेला व्हेंट (टाकीचा हवेचा पाइप), अशा खुणा असतात. टँक स्वीप करून घ्या, मशीन फिरवून लोखंड शोधतात, घराच्या किमतीपुढे तो खर्च म्हणजे चहापाणी. साधं होम इन्स्पेक्शन यात धरलेलं नसतं.

हे का करायचं, तर न्यू जर्सीच्या स्पिल ॲक्टप्रमाणे १४ सप्टेंबर १९९३ नंतर दूषित जागा घेणारा, ज्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तो जबाबदार धरला जातो. "माहीत असायला हवं होतं" या शब्दांत सगळं आलं. टाकी निघाली तर क्लोजिंगच्या आधी विक्रेत्याने काढायची, टाऊनशिपच्या परमिटने. "वाळू भरून बंद केलीय" असं म्हणाले तर मातीचे सॅम्पल घेतले होते का विचारा, बहुतेक वेळा घेतलेले नसतात.

१२. घराची टाकी गळतेय असं निघालं. न्यू जर्सीत ग्रँट मिळते म्हणे?

टाक्यांसाठी राज्याचा एक फंड आहे, १९९० च्या दशकातल्या कायद्याने झालेला, पर्यावरण खातं आणि आर्थिक विकास प्राधिकरण मिळून चालवतात. त्याच्या नावाने जुने फॉरवर्ड अजून फिरतात, "टाकी काढायला सरकार पैसे देतं". न गळणारी टाकी काढायच्या ग्रँटचे अर्ज २०११ पासून बंद आहेत. गळणाऱ्या टाकीसाठी उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी आहेत, आणि फंडात पैसा असेल त्याप्रमाणे रांग हलते, कधी हलतच नाही. अर्ज जरूर करा, पण क्लोजिंगचा हिशेब त्या पैशावर बांधू नका.

कळवणं मात्र लगेच करायचं, राज्याच्या हॉटलाइनवर, ते ग्रँटवर अवलंबून नाही. काम झाल्यावर खात्याचं "नो फर्दर ॲक्शन" (आता पुढे काही करायला नको) पत्र मिळतं, ते पासपोर्टसारखं जपा (प्रश्न १५).

१३. मग होमओनर इन्शुरन्स तरी देईल ना?

कधीकधी, आणि उलटसुलट पद्धतीने. तुमची स्वतःची माती खराब झाली तर सहसा नाही. पण भूजल तुमच्या मालकीचं नाही, त्यामुळे तिथे प्रदूषण पोचलं तर ते दुसऱ्याचं नुकसान ठरून लायबिलिटी भागातून पैसे मिळू शकतात. न्यू जर्सीत अशा जुन्या पॉलिसींवर पुष्कळ क्लेम झाले, म्हणूनच नव्या पॉलिसींमध्ये कंपन्यांनी ऑइल टाकीचं कलम सरळ वगळायला सुरुवात केली. आधीच्या मालकाच्या काळातली पॉलिसीही कामाला येऊ शकते, तेव्हा ॲटिकमधले जुने कागद टाकू नका. म्हणजे बघा, वाईट गळतीला पैसे मिळायची शक्यता जास्त आणि थोडक्यात आटपलेल्या गळतीला कमी. मला विचारू नका, नियम मी केले नाहीत.

१४. दुकानासाठी प्लॉट घेतला, खणताना टाकी सापडली. पन्नास वर्षांपूर्वी तिथे पंप होता म्हणे. आता मी मालक का?

हा खरा वकिली प्रश्न. फेडरल व्याख्येत टाकी ८ नोव्हेंबर १९८४ ला किंवा नंतर वापरात असेल तर आजचा मालक तो मालक. त्याआधीच वापर थांबला असेल तर वापर थांबण्याच्या लगेच आधी जो मालक होता तो. म्हणजे तुमच्या टाकीचा फेडरल नियमाने मालक तो जुना पंपवाला, जो बहुधा वारला असेल किंवा कंपनीच उरली नसेल. अशाच बेवारशी जागांसाठी लस्ट फंड आहे, शिवाय २००२ पासून ब्राउनफील्डचे (पडीक दूषित जागा परत वापरात आणायचे) पैसे पेट्रोलच्या जागांना मिळू शकतात, सहसा टाऊन किंवा काउंटीमार्फत.

पण राज्याचा कायदा जमीन-मालकालाही धरू शकतो, न्यू जर्सीचं उदाहरण प्रश्न ११ मध्ये आहेच. आणि सापडल्यावर काँट्रॅक्टरने बकेटने टाकी फोडली तर ती नवी गळती तुमची. यंत्र थांबवा, आधी फोन करा.

१५. नो फर्दर ॲक्शन पत्र मिळालं. आता कायमची सुटका?

बहुतेक वेळा हो, पण त्यातल्या अटी वाचा. आता धोक्याप्रमाणे साफसफाई होते, कॅलिफोर्नियाने तर २०१२ मध्ये कमी धोक्याच्या जागा बंद करायचं धोरणच आणलं. म्हणजे थोडं प्रदूषण जमिनीत ठेवून, वर डांबर कायम राहील, विहीर खणणार नाही, अशा अटींवर फाइल बंद होते. उद्या तिथे पाळणाघर काढायचं ठरलं तर फाइल परत उघडू शकते. विकताना डीडवरची (खरेदीखतावरची) नोंद खरेदीदाराला दिसणारच.

१६. पंप बंद केलाय, टाक्या तशाच आहेत. काय घाई आहे?

१२ महिन्यांची. टाकी रिकामी केली, म्हणजे तळाशी इंचभराहून जास्त उरलं नाही, तर गळती तपासण्याची सूट मिळते, पण फायनान्शियल रिस्पॉन्सिबिलिटी चालूच राहते. टाकी नव्या टाकीच्या दर्जाची नसेल आणि राज्याने मुदत वाढवली नसेल तर वर्षभरात कायमची बंद करायची, त्यात मातीची तपासणी आली. पॉलिसी आधी रद्द करून मग टाकी काढणारे मी बघितलेत. काढतानाच गळती सापडते हो! क्रम उलटा ठेवा. कॅलिफोर्नियावाल्यांनो, एकपदरी (एकाच भिंतीच्या) टाक्यांसाठी २०१४ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठेवली होती, बदलायला छोट्या मालकांना राज्याचं कर्ज आणि ग्रँट दोन्हीची योजना आहे, चौकशी करा.

१७. सरकारची स्वतःची टाकी गळली तर? हवाई बेटांवर झालं होतं ना?

रेड हिल. नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या २० टाक्या, डोंगराच्या पोटात, एकेक सव्वा कोटी गॅलनची. नोव्हेंबर २०२१ मध्ये जेट फ्यूएल पिण्याच्या पाण्यात गेलं, साधारण ९३ हजार लोक त्या पाण्यावर होते, आणि मार्च २०२२ मध्ये संरक्षण मंत्र्यांनी ते केंद्र कायमचं बंद करायचा आदेश दिला. त्याचा पैसा संरक्षण बजेटमधून येतो, लस्ट फंडातून नाही. गंमत म्हणजे फेडरल आणि राज्य सरकारांना फायनान्शियल रिस्पॉन्सिबिलिटी दाखवावी लागत नाही, आणि अशा जागेवरच बांधून काढलेल्या (कारखान्यातून आणलेल्या नव्हे) अवाढव्य टाक्या तर २०१५ पर्यंत बऱ्याचशा नियमांतून बाहेर ठेवल्या होत्या. कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला मात्र १९८८ पासून सगळं लागू.

१८. फंडात पैसे पडून आहेत म्हणतात, मग पन्नास हजार जागा का लटकल्यात?

प्रश्न ३ मधला आकडा आठवा, जमा साधारण २० कोटी, खर्चायला ९ कोटी. फरक साचत गेला आणि २०११ च्या सुमाराला शिल्लक ३०० कोटी डॉलरच्या वर गेली. साचलेला पैसा कोणाच्या डोळ्यात भरत नाही? २०१२ मध्ये काँग्रेसने त्यातले २४० कोटी हायवे फंडात वळवले, २०१४ मध्ये आणखी १०० कोटी, २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांत मिळून ३० कोटी. कारण रस्त्यांचा १८.३ सेंटवाला टॅक्स १९९३ पासून वाढवलेला नाही आणि तो वाढवायला कोणी धजत नाही, त्यामुळे टाक्यांच्या नावाने घेतलेल्या पैशाने खड्डे बुजवले. आमचे खड्डे उघडेच.

सगळा दोष पैशाचा नाही हेही सांगतो. उरलेल्या जागा बहुतेक अवघड आहेत, भूजलात गेलेल्या, मालक नसलेल्या, कोर्टात अडकलेल्या. पण २००९ च्या स्टिम्युलसमध्ये (मंदीतल्या सरकारी मदतीत) या कामाला एकरकमी २० कोटी डॉलर मिळाले होते तेव्हा अडलेल्या पुष्कळ जागांवर यंत्रं हलली होती, ते मी विसरलेलो नाही.

१९. भारतात असं काही आहे का? गावाकडे भावाचा पेट्रोल पंप आहे.

गॅलनमागे पैसा बाजूला काढणारा असा वेगळा फंड नाही. टाकीचं लायसन्स पेसो या स्फोटक-सुरक्षेच्या सरकारी खात्याकडून, ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, पण तिथे भर आग आणि स्फोट यांच्यावर. केंद्रीय प्रदूषण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, शाळा-दवाखाने-वस्तीपासून अंतर वगैरे, आणि २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले, ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा हे तत्त्व धरून. पंपाच्या टाक्या बऱ्याचदा तेल कंपनीच्या मालकीच्या असतात, तेव्हा भावाला डीलरशिपच्या करारात टाकी कोणाची आणि गळतीची जबाबदारी कोणावर लिहिलीय ते आधी बघायला सांगा.

२०. आमच्या घराजवळच्या बंद पंपावर जमिनीत गोल झाकणं बसवलीत. काळजी करू का?

त्या मॉनिटरिंग विहिरी, म्हणजे निदान कोणीतरी लक्ष ठेवून आहे. फाइल सार्वजनिक असते. कॅलिफोर्नियात जिओट्रॅकर या वेबसाइटवर पत्ता टाका, न्यू जर्सीत पर्यावरण खात्याच्या डेटामायनरवर, आणि देशभरासाठी ईपीएचा यूएसटी फाइंडर नावाचा नकाशा आहे. शेवटचा रिपोर्ट उघडून भूजल कोणत्या दिशेला वाहतं त्या बाणाचा नकाशा बघा. बाण तुमच्या घराकडे असेल आणि तुमची स्वतःची विहीर असेल तर पाणी तपासून घ्या, आणि फाइलवर ज्या केस मॅनेजरचं नाव आहे त्याला ईमेल करा. उत्तर आठवडाभरात नाही आलं तर परत करा, त्यांच्याकडे माणसं कमी असतात.